कियांतीचे टक्केवाले आजोबा

फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या कियांतीत गावोगाव असा एकेक आजोबा असतो. ग्रेव्हेच्या तिकोनी चौकात, कमानीखालच्या खुर्चीत तर नक्कीच. तुम्ही पेला उचललात की ते विचारणार, ‘‘सांजोव्हेझे किती टक्के?’’ हे काळं द्राक्ष 80 पेक्षा कमी असेल तर बाटलीच्या गळ्यावर कियांती क्लासिको वाइनची खूण, काळा कोंबडा, लागत नाही, हे ते अशा थाटात सांगतात की तो कायदा एत्रुस्कन काळापासून चालत आला असावा.

परंपरेचा विषय निघाला की आजोबा खुर्चीत सरसावून बसतात. ब्रोलियोच्या बॅरन रिकासोलींनी 1872 साली पत्रातून मिश्रण सांगितलं: सुगंधाला सांजोव्हेझे, मऊपणाला कानायोलो, आणि लवकर प्यायच्या वाइनला थोडी पांढरी माल्व्हाझिया. मुरवायच्या वाइनला माल्व्हाझिया नको, असंही बॅरननी बजावलं होतं. हे वाक्य आजोबांना सोयीप्रमाणे आठवतं.

1967 च्या नियमाने पांढरी द्राक्षं 10 ते 30 टक्के सक्तीची केली, तेव्हा आजोबा तरुण होते. ‘‘पांढऱ्याशिवाय कियांती कसली?’’ म्हणत त्यांनी गाव डोक्यावर घेतलं. पुढे आंतिनोरी घराण्याने आपल्या तिन्यानेल्लो या वाइनमधून पांढरी द्राक्षं काढली, फ्रेंच काबेर्ने घातलं आणि कियांती हे नावच सोडलं. कागदोपत्री ती साधी ‘टेबल वाइन’, किंमत मात्र कियांतीहून चढी. आजोबांनी तिला बाटलेली ठरवलं. (पेला कुणी पुढे केलाच तर नाही म्हणत नसत, विरोधकाचा अभ्यास हवा ना!)

2006 च्या हंगामापासून कियांती क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांना बंदीच आली. ‘‘पांढरी? आमच्यात? छे, कधीच नव्हती!’’ काबेर्ने उरलेल्या 20 टक्क्यांत बसतं म्हटल्यावर तेही घरचं झालं.

त्यांच्या स्वतःच्या तळघरातल्या बुधल्यात काय आहे, हे विचारू नये. परसातल्या जुन्या वेलींत काळी-पांढरी सगळी सरमिसळ, तोडणीही एकाच दिवशी. वाइन मात्र झकास असते.

‘ग्रान सेलेत्सिओने’ या सर्वांत वरच्या वर्गात सांजोव्हेझे 90 टक्के करायचं आणि परदेशी वाण वगळायचं, असं उत्पादकांच्या संघाने 2021 मध्ये ठरवलं. तेव्हापासून आजोबा काबेर्नेला पुन्हा ‘तो फ्रेंच’ म्हणू लागले आहेत.