फक्त सहा हजार

हे गृहस्थ तुमच्या ओळखीचे आहेतच, तेव्हा ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, खांबाच्या आडोशाला, राखाडी कव्हराखाली एक बुटकी, पसरट वस्तू वर्षानुवर्षं झोपलेली असते, तिचे हे मालक. गाडी इटालियन किंवा जर्मन, आसनं दोन, सिलिंडर आठ आणि किलोमीटर फक्त सहा हजार. हा शेवटचा आकडा त्यांनीच सांगितलेला असतो, कारण गाडीबद्दल दुसरं ते फारसं काही सांगतच नाहीत. रंग कोणता विचारा, 'लाल, सहा हजार चाललीय.' कुठल्या सालची विचारा, 'सतराची, पण सहाच हजार.' मुलीच्या सासरची माहिती देताना 'माणसं चांगली आहेत, गाडी मात्र लाखावर चाललेली' हे वाक्य ओघातच येतं. पावसाळ्यात पाणी तुंबतं, उन्हाळ्यात डांबर पाघळतं, थंडीत मेट्रोच्या कामाची धूळ असते, आणि बारा महिने गतिरोधक असतात. म्हणून गाडी बाहेर निघत नाही आणि हे स्वतः सगळीकडे रिक्षाने जातात. सोसायटीतल्या मांजराखेरीज त्या गाडीचा उपभोग कोणी घेतल्याचं ऐकिवात नाही. 'अहो, चालवत का नाही?' असं विचारलंत, की ते तुमच्याकडे मुदत ठेव मोडायला निघालेल्या पोराकडे पाहावं तसं पाहतात आणि सांगतात, 'ही गाडी नाही, गुंतवणूक आहे.'

या वाक्यावर हसून सोडून देता आलं असतं. पण त्यामागे एक सिद्धान्त आहे आणि तो चुकीचा आहे, म्हणून थोडं थांबायला हवं. सिद्धान्त असा की गाडीचा भाव चाकांतून गळतो. प्रत्येक किलोमीटरमागे थोडा थोडा पैसा रस्त्यावर सांडतो, तेव्हा चाकं थांबवली की गळती थांबली. जुन्या वेगवान गाड्यांचा बाजार मात्र दुसरंच सांगतो. १९८८ च्या ऑगस्टमध्ये एन्झो फेरारी वारले आणि चित्रकार गेल्यावर त्याच्या चित्रांचे चढावेत तसे त्यांच्या गाड्यांचे भाव चढले. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या मोटार प्रदर्शनात जॅग्वारने एक्सजे २२० चा नमुना मांडला. बारा सिलिंडरचं इंजिन, जोर चारही चाकांना. सुमारे दीड हजार लोकांनी प्रत्येकी ५० हजार पौंड अनामत भरली. त्यातल्या कितीकांना गाडी हवी होती आणि कितीकांना ती रांगेतल्या पुढच्या माणसाला विकायची होती, हे पुढे उघड झालं. १९९२ मध्ये गाडी हातात यायची वेळ आली तेव्हा इंजिन सहा सिलिंडरचं होतं, जोर मागच्या दोनच चाकांना होता, किंमत ४ लाख ७० हजार पौंडांवर गेली होती आणि मधल्या काळात बाजार बसला होता. तेजी असती तर कोणी बॉनेट उघडून सिलिंडर मोजायला गेलं नसतं. आता सगळ्यांनाच ते मोजता येऊ लागले आणि काही जण 'आम्हाला कबूल केलेली गाडी ही नव्हे' म्हणत कोर्टात गेले. वास्तविक गाडी काही काळ जगातली सर्वांत वेगवान गाडी होती. तरीही बनल्या जेमतेम २८०, आणि उरलेल्या कोऱ्या गाड्या पुढे पडत्या भावात विकाव्या लागल्या. त्या गाड्यांनी रस्ता पाहिलाही नव्हता. आमच्या गृहस्थांचे सहा हजार तिथे फार झाले असते.

यावर त्यांच्याकडे एक हुकमी उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. मॅकलारेन एफ१. १९९८ पर्यंत एकूण १०६ बनल्या. त्यातली एक २०२१ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात दोन कोटी डॉलरच्या वर गेली. तिच्या मीटरवर आकडा होता २४२ मैल. म्हणजे चारशे किलोमीटरसुद्धा नाहीत! हा आकडा ते श्रीसूक्तासारखा म्हणतात. पण त्याच मॅकलारेन एफ१ मधल्या दुसऱ्या एका गाडीचं चरित्र ते सांगत नाहीत. ती रोवन अ‍ॅटकिन्सनची, आपल्याकडे ज्याला मिस्टर बीन म्हणून शेंबडी पोरंही ओळखतात त्याची. त्याने ती १९९७ मध्ये साडेपाच लाख पौंडांच्या आत घेतली आणि चक्क चालवली. दोनदा ठोकलीसुद्धा. २०११ मध्ये तर झाडावर घातली, आणि विमा कंपनीला दुरुस्तीपोटी ९ लाख १० हजार पौंड मोजावे लागले, म्हणजे मूळ किमतीपेक्षा जास्त. २०१५ मध्ये ४१ हजार मैल चाललेली ती गाडी त्याने विकायला काढली तेव्हा मागितलेला भाव होता सुमारे ८० लाख पौंड. बाजाराचा राग किलोमीटरवर असता तर या गाडीला भंगारवाल्याने तागडी लावायला हवी होती. तिला भाव मिळाला तो तिच्यासारख्या आणखी फक्त १०५ होत्या म्हणून. याच मॅकलारेनने २०११ मध्ये एमपी४-१२सी आणली, ती हजारांनी विकली, आणि तीनच वर्षांत तिच्या डोक्यावर ६५०एस आणून बसवली. कारखाना तोच, बिल्ला तोच. पहिल्या गाडीने मालकांना श्रीमंत केलं, दुसरीच्या मालकांना नव्या गाडीच्या जाहिराती पाहत भाव उतरताना मोजत बसावं लागलं. विजेवरच्या वेगवान गाड्यांचं याहून वाईट आहे. तिथे पुढच्या वर्षीची बॅटरी आली, की या वर्षीची गाडी मोबाइलसारखी जुनी होते.

आता कॅलेंडरकडे येऊ. गाडी उभी आहे म्हणून काळ उभा राहत नाही. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ३५१७ असेल तर २०१७ च्या पस्तिसाव्या आठवड्यात तो टायर जन्माला आला. ही त्याची जन्मपत्रिका, आणि तीत मीटरला कुठेही स्थान नाही. रबर वयाने कडक होतं, मग ते रस्त्यावर असो की कव्हराखाली. एका जागी उभं राहून टायर खालून चपटा होतो तो वेगळाच. नव्वदच्या दशकातल्या फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट तर ठरावीक वर्षांनी बदलायचाच असतो, गाडी चालो न चालो, आणि तो बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. गाडीची किंमत निम्मी झाली म्हणून हे बिल निम्मं होत नाही. दोन कोटींची गाडी एका कोटीला मिळाली म्हणून हरखलेल्या दुसऱ्या मालकाला पहिल्या सर्व्हिसिंगलाच समजतं की आपण गाडी एका कोटीची घेतली असली तरी तिच्या सवयी दोन कोटींच्याच आहेत. हे पुढच्या गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं, म्हणून भाव आणखी उतरतो. बॅटरी उतरते, रबरी सीलं सुकतात, आणि मुंबई-पुण्याच्या तळघरांतले उंदीर तर वायरी कुरतडताना मीटर पाहत नाहीत.

शिवाय आपल्याकडची गोष्ट आणखी मजेशीर आहे, कारण आपल्याकडच्या आयात गाडीच्या किमतीतला मोठा भाग गाडीच नसतो. ४० हजार डॉलरच्या वरच्या गाडीवर कितीतरी वर्षं १०० टक्के सीमाशुल्क होतं. त्यावर जीएसटी, त्यावर आरटीओचा कर. महाराष्ट्रात या कराला २०२५ पर्यंत २० लाखांची कमाल मर्यादा होती, ती ३० लाख झाली. (तेवढ्यासाठी कित्येक गाड्यांनी पाँडिचेरीचा नंबर लावून घेतला. समुद्र त्यांनी वरळीचाच पाहिला आहे.) म्हणजे आमच्या गृहस्थांनी सात वर्षं धूळ न लागू देता जपलं त्यात गाडी निम्मीच होती, उरलेला सरकारी भरणा होता. भरणा चकचकीत राहत नाही. उलट जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार कराराने तिकडून येणाऱ्या गाड्यांवरचं शुल्क ठरावीक संख्येपुरतं टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायचं ठरवलं आहे. नवी गाडी स्वस्त व्हायची नुसती कुणकुण लागली की जुनीचा भाव आधी उतरतो, आणि ती कव्हराखाली आहे की घाटात, याची चौकशी कोणी करत नाही. आपल्याकडची सगळ्यांत गाजलेली जुनी फेरारी म्हणजे सचिन तेंडुलकरची ३६० मॉडेना. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये भेट मिळालेली, आणि सीमाशुल्काच्या माफीवरून वाद झालेली. २०११ मध्ये सुरतच्या एका व्यावसायिकाने ती विकत घेतली. त्याने मीटर वाचून घेतली असेल असं समजायचं काही कारण नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. एकाच सालच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर कमी चाललेलीला जास्त पैसे मिळतात. हे खरंच आहे. पण किती जास्त, आणि कशाच्या बदल्यात? समजा गाडी दोन कोटींची घेतली. सहा हजार चालवून ती एक कोटी दहा लाखांना गेली, आणि तीच तीस हजार चालवली असती तर पंचाण्णव लाखांना गेली असती. पहिल्या हिशेबात नव्वद लाखांत सहा हजार किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला दीड हजार रुपये. दुसऱ्यात एक कोटी पाच लाखांत तीस हजार, म्हणजे साडेतीनशे. पंधरा लाख वाचवण्यासाठी त्यांनी चोवीस हजार किलोमीटर सोडून दिले. कोकणातले, कोल्हापूरचे, पहाटेच्या महाबळेश्वरचे. एवढा महाग प्रवास या देशात त्यांच्याखेरीज कोणी केला नसेल, आणि तोही न हलता.

मग हे हुशार गृहस्थ, ज्यांना बँकेच्या व्याजातला पाव टक्का झोपेतही कळतो, असं का वागतात? इथे मला नाइलाजाने त्यांची बाजू घ्यावी लागते. आपल्या घरांत हौसेला एकटीने उंबरठा ओलांडायची मुभा कधीच नव्हती. तिच्याबरोबर एक पोक्त नातेवाईक पाठवावा लागतो, आणि त्याचं नाव बचत. आईने पाटल्या केल्या त्या अडीअडचणीला म्हणून. अडचणी आल्या, गेल्या, पाटल्या काही मोडल्या नाहीत. मोडायला गेलं की सोनार घडणावळ धरत नाही, सोन्याचा भाव देतो, हे तिला पक्कं माहीत होतं, पण हातातल्या पाटल्यांकडे ती वजनासाठी पाहत नव्हती. या गृहस्थांनीही तेच केलं. फरक एवढाच की त्यांनी घेतलेला दागिना जवळजवळ सगळाच घडणावळीचा निघाला. सातवीतल्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेलं लाल गाडीचं चित्र पन्नाशीत खरं करताना बायकोला, साडूला, सीएला आणि मुख्य म्हणजे स्वतःला सांगायला काहीतरी लागतं. 'मला आवडली' हे कारण त्यांच्या पिढीच्या तोंडून निघत नाही. म्हणून गुंतवणूक. आणि एकदा गुंतवणूक म्हटलं की चालवायची सोय उरत नाही.

अखेर एक दिवस भाव आणखी उतरायच्या आत विकायचं ठरतं. जाहिरात लागते, 'सिंगल ओनर, फक्त सहा हजार'. एका रविवारी पहाटे तिशीतला एक मुलगा येतो, कव्हर निघतं, मांजर उठून जातं. ट्रायलला गाडी तो मुलगा चालवतो, आणि मालक आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत डावीकडे बसतात. तिथून मीटर नीट दिसत नाही. अटल सेतूवर शंभरची मर्यादा आहे, पण शंभर गाठायला मर्यादा नाही. मुलगा दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबतो. यांनी सात वर्षं काटा तीन हजार फेऱ्यांच्या वर जाऊ दिलेला नाही. तो पाच, सहा, सात हजारांवर चढतो आणि पाठीमागून एक आवाज उठतो, जो या गाडीत होता हे यांना ठाऊकच नव्हतं. ते काही बोलत नाहीत. टोलनाक्याशी आल्यावर मुलगा विचारतो, 'काका, परत फिरायचं?' काका घड्याळात बघतात, समोर बघतात, आणि म्हणतात, 'पुढे अलिबागला चहा चांगला मिळतो म्हणतात.'