कारणाचा एकच रकाना

सांगलीच्या विश्रामबागेत, शंभर फुटी रस्त्याच्या कडेला चहा घेताना, आत्महत्या करून गेलेल्या माणसाचं कारण ठरायला किती वेळ लागतो? अर्धा कप. ‘कर्ज होतं म्हणे.’ ‘बायकोशी पटत नव्हतं.’ ‘दारू, दुसरं काय?’ कुणीतरी एक शब्द टाकतो, बाकीचे माना हलवतात आणि मंडळी कामाला लागतात.

मला तो एक शब्द सहन होत नाही.

म्हैसाळ आठवा. २० जून २०२२. मिरज तालुक्यातलं, कृष्णाकाठचं गाव. दोन सख्ख्या भावांच्या दोन घरांत मिळून नऊ माणसं मृत सापडली. चिठ्ठ्यांत सावकारांची नावं. संध्याकाळच्या आत अख्ख्या जिल्ह्याने निकाल लावून टाकला : सामूहिक आत्महत्या, सावकारीचे बळी. गुन्हे दाखल झाले, धरपकड झाली. आणि आठवडाभरात पोलिसांनीच सांगितलं की हा गुप्तधनाच्या नादातून झालेला खून आहे.

त्या आठवड्यात मीही ‘कर्ज’ म्हणून मान हलवली होती. म्हातारी आई, तरुण मुलं, अशी नऊ जणं एकाच कारणापायी एका रात्रीत जातील, हे मला पटलं कसं? पटलं, कारण सावकारी इथं खरीच आहे. व्याज वर्षाचं नाही, महिन्याचं बोललं जातं. आर. आर. पाटील, म्हणजे आबा, याच जिल्ह्यातले; गृहमंत्री असताना त्यांनी सावकारांना कोपरापासून ढोपरापर्यंत सोलायची भाषा केली. २०१४ साली राज्याचा नवा सावकारी कायदाही आला. तरी वसुलीवाल्याची गाडी दारात थांबली की घर आजही आतून कडी लावतं. हा त्रास खरा आहे. पण तेवढ्यावर माणूस जात नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे २०२२ चे आकडे बघा. देशात १,७०,९२४ आत्महत्या. त्यातल्या २२,७४६ आपल्या महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. गेलेल्यांत शंभरात बहात्तर पुरुष. चारांत एकाहून जास्त रोजंदारीवरचे. कारणांच्या तक्त्यात कर्ज आणि दिवाळखोरी मिळून ४.१ टक्के, आजारपण १८.४ टक्के आणि ‘कौटुंबिक समस्या’ ३१.७ टक्के.

कौटुंबिक समस्या! या दोन शब्दांत काय काय कोंबलंय? हप्ता थकला म्हणून भांडण झालं असेल तर ते कर्ज की कुटुंब? पाठीच्या दुखण्यानं काम सुटलं, काम सुटल्यावर बाटली आली, बाटलीनं घर मोडलं, तर मग लिहायचं काय? पंचनामा करणाऱ्या हवालदाराला एकच रकाना मिळतो, त्यात तो एकच शब्द लिहितो. त्याला बोल लावत नाही. पण आपल्याला कुठं रकाना भरायचाय? आपण का एकावर थांबतो?

आमच्या गल्लीतल्या काकांचं सांगतो. साठी ओलांडलेली. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. गुडघे गेले, म्हणून सकाळचं फिरणं बंद. फिरणं बंद, म्हणून चार मित्र बंद. साखर वाढलेली. भाच्याला एका पतसंस्थेत जामीन राहिले होते. भाचा गायब आणि नोटीस काकांच्या नावावर. रात्री झोपेसाठी थोडी घ्यायला लागले. यातलं एकेक सुटं धरलं तर कुणीही म्हणेल, चालायचंच. सगळं एकाच माणसाच्या अंगावर एकाच वर्षात आलं, तेव्हा ते माझ्या घरी बसले होते आणि समोरच्या चहावर साय धरली तरी त्यांनी कपाला हात लावला नव्हता.

आदल्या आठवड्यात त्यांनी आपल्या कुंड्या गल्लीत वाटून टाकल्या होत्या. वीस वर्षं जपलेल्या. आम्ही आनंदानं घेतल्या. माझ्याकडं जास्वंद आली.

त्या सायीकडं बघता बघता मला त्या कुंड्यांचा अर्थ लागला. मी विचारलं, “काका, मनात मरायचे विचार येतात का?”

हे विचारायला आपण घाबरतो. विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल असं वाटतं. भरत नाही. मानसोपचाराचे डॉक्टर आणि अभ्यास, दोन्ही हेच सांगतात : सरळ विचारल्यानं धोका वाढत नाही, कोंडलेलं मोकळं होतं. काका तासभर बोलले. तीन आठवडे झोप नव्हती, आणि हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. दर महिन्याला दवाखान्यात साखर तपासली जात होती, रक्तदाब तपासला जात होता, गोळी बदलली जात होती. ‘झोप लागते का? एकटं वाटतं का?’ एवढे दोन प्रश्न त्या जाड फाइलीत कुठंच नव्हते. डॉक्टर मंडळींनो, तुमच्यापुढं रांग असते हे दिसतं. तरी हे दोन प्रश्न विचारा.

आणि एक गोष्ट घरोघर लपवली जाते, ती म्हणजे आधी केलेला प्रयत्न. ‘चुकून झालं’ म्हणून सांगायचं, दवाखान्यातून घरी आणायचं आणि विषय बंद. पुन्हा धोका कुणाला, हे सांगणारी याहून मोठी खूण नाही. हे लपवण्यामागं पोलिसांची भीती असते. ती आता सोडा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक केलंय. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेबरोबरच गेलं. दवाखान्यातून आल्यावरचे पहिले काही आठवडे त्या माणसाला एकटं सोडू नका. शेताचं औषध घरात ठेवू नका, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं द्या. मनात आलेली लाट बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ मिळाला पाहिजे.

हे वाचताना कुणाच्या स्वतःच्या मनात मरायचे विचार येत असतील, तर आत्ताच जवळच्या एका माणसाला सांगा. सांगायला कुणी नसेल तर १४४१६ लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीतून बोलता येतं.

काकांचं कर्ज अजून फिटलेलं नाही. गुडघेही तेच आहेत. पण गोळ्या चालू आहेत, झोप लागते, पतसंस्थेशी बोलायला आता त्यांच्याऐवजी मुलगा जातो, आणि संध्याकाळी गल्लीतलं कुणी ना कुणी त्यांच्या ओट्यावर असतं. गेल्या रविवारी ते आमच्या दारात उभे राहिले. जास्वंदीची पानं उलटी करून बघितली. मावा पडला होता. मला चांगलं झापलं, “एक झाड सांभाळता येत नाही होय रे?” म्हणाले, आणि कुंडी उचलून घरी घेऊन गेले.