स्वयंपाकघर आवरा: पाचशे रुपयांतली बाळबोध मार्गदर्शिका

ज्यांच्या स्वयंपाकघरात एका वेळी दीड माणूस मावतो, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. एक माणूस ओट्याशी उभा असतो. उरलेला अर्धा दारातून मान आत घालून ‘चाळणी कुठंय गं?’ असे विचारतो. ज्यांच्याकडे ट्रॉल्यांचे मॉड्युलर किचन आहे, त्यांनी पान उलटावे.

साहित्य: मोजायची टेप, रद्दीतली वर्तमानपत्रे, मार्कर पेन, चिकटपट्टी, रोख पाचशे रुपये आणि एक रविवार. घरात सासूबाई असल्यास दोन रविवार धरावेत.

पूर्वपीठिका (घाईत असणाऱ्यांनी गाळावी). लहान स्वयंपाकघराचा शास्त्रशुद्ध विचार जर्मनीत १९२६ साली झाला. मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे सुमारे सत्तर चौरस फुटांचे स्वयंपाकघर आखले. हात लांबवला की वस्तू मिळावी, अशी ती रचना होती. तांदूळ, साखर वगैरेंसाठी ॲल्युमिनियमचे छोटे खण होते आणि कशात काय ठेवायचे तेही खणावरच लिहिलेले. पिठाला कीड लागू नये म्हणून त्याचा खण ओक लाकडाचा. हे आखण्याआधी आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, असे बाईंनी पुढे स्वतःच सांगितले. साधारण त्याच दशकात मुंबईत बीडीडी चाळी उभ्या राहत होत्या. तिथे १६० चौरस फुटांत स्वयंपाकघर, दिवाणखाना, देवघर आणि पाहुण्यांची झोपायची सोय एवढे सगळे बसवले गेले. ते कुणी आखले नव्हते. रोज रांधणाऱ्या बायकांनी ते जमवले.

पायरी पहिली: सगळे बाहेर काढावे. मांडणी, फडताळ, ओट्याखालचा कोपरा आणि माळा रिकामा करून सगळे हॉलमध्ये वर्तमानपत्रांवर मांडावे. आता हॉलमध्ये पाय ठेवायला जागा राहणार नाही. घाबरू नये. ढिगात पुढील वस्तू आढळतील: झाकण नसलेले डबे, डबा नसलेली झाकणे (दोघे वर्षानुवर्षे एका छपराखाली राहतात, पण सोयरीक जुळत नाही), श्रीखंडाचे रिकामे डबे, पिशव्यांनी भरलेली पिशवी, जळालेल्या मिक्सरचे धडधाकट भांडे, आणि ‘सौ. वहिनींस सप्रेम भेट, १९८७’ असे कोरलेला स्टीलचा डबा. या डब्याचे झाकण लागत नाही, पण नाव कोरलेले असल्यामुळे तो टाकताही येत नाही.

पायरी दुसरी: तीन ढीग करावेत. पहिला रोज लागणाऱ्या वस्तूंचा. दुसरा सणासुदीचा: सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र. तिसरा ‘असू दे, लागेल कधीतरी’ या वस्तूंचा. तिसरा ढीग सर्वांत उंच होईल. त्यातली प्रत्येक वस्तू हातात घेऊन ‘ही विकत आणली की फुकट आली?’ असे विचारावे. पावडरीवर मिळालेला वाडगा, चहापत्तीवर मिळालेला मग आणि वाणातल्या सात प्लास्टिक गाळण्या फुकट आल्या, हे खरे. पण तुमच्या भागात घराचा चौरस फुटाला काय भाव चालू आहे ते आठवावे आणि वाडगा किती जागा अडवतो ते टेपने मोजावे. एवढी महाग वस्तू आपण दुकानातून कधीच उचलली नसती, हे लक्षात येईल. पूर्वी अशा वेळी बोहारीण दारात येई आणि चार साड्यांवर एक पातेले देऊन घरातली भांडी आणखी वाढवून जाई.

पायरी तिसरी: डबे. नवीन डबे घेण्यापूर्वी थोडे गणित करावे. गोल डबे शेजारी-शेजारी मांडले की मधल्या कोपऱ्यांत फळीची साधारण एक पंचमांश जागा वाया जाते. चौकोनी डबे खेटून बसतात. डबा किलोवर घेऊ नये. ज्यात एक किलो साखर मावते, त्यात अर्धा किलो चुरमुरे मावणार नाहीत. डबा पारदर्शक असावा, म्हणजे आत किती उरले ते वाण्याकडे निघण्यापूर्वी कळते. नवी डाळ जुनीवर ओतू नये. जुनी काढून घ्यावी, डबा पुसून कोरडा करावा, खाली नवी आणि वर जुनी भरावी. नाहीतर तळाशी पिढ्यान्‌पिढ्या तीच तूरडाळ राहते आणि पोरकिडे होतात.

मग प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहावे. येथे एक इशारा: लेबल वर्षभर टिकते, जिन्नस महिनाभर. पुढच्या दिवाळीपर्यंत ‘मेथीदाणे’ लिहिलेल्या डब्यात खडीसाखर असेल, ‘रवा’मध्ये वरई, आणि फ्रीजमधल्या ‘केशर-पिस्ता’ आईस्क्रीमच्या डब्यात ओले खोबरे. घरच्या गृहिणीला याची अडचण नसते, कारण तिच्या लेखी डबा वजनावरून, आवाजावरून आणि पोच्यावरून ओळखायचा असतो. अडचण येते ती बाकीच्यांना. म्हणून जिन्नस बदलला की पट्टी बदलावी.

पायरी चौथी: जागावाटप. कमरेपासून डोळ्यांपर्यंतची फळी रोजच्या जिनसांना द्यावी. जड वस्तू, म्हणजे कुकर, खलबत्ता, पिठाचा डबा, खाली ठेवाव्यात. वर्षातून एकदा लागणारे मोदकपात्र माळ्यावर जाईल. त्याच्या पोटात सोऱ्या आणि पुरणयंत्राच्या चकत्या बसवाव्यात. मिसळणाचा डबा शेगडीच्या डोक्यावर ठेवायची पद्धत घरोघरी आहे. वाफेने आणि उष्णतेने तिखटाचा रंग आणि हळदीचा वास उडतो, तेव्हा तो हात पोचेल पण वाफ पोचणार नाही असा बाजूला ठेवावा. कांदे-बटाटे एकाच टोपलीत ठेवू नयेत. कांद्यांच्या संगतीत बटाट्यांना लवकर कोंब येतात.

ओट्याखालची जागा १४.२ किलोच्या सिलिंडरची. त्याच्याभोवती पिशव्या, रद्दी, रॉकेलची जुनी बाटली रचू नये. सिलिंडर उभेच ठेवावे, शेगडी त्याहून उंचावर असावी, आणि रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. सिलिंडरच्या गळ्यापाशी पट्टीवर ‘सी २८’ असे काहीतरी लिहिलेले असते. ए, बी, सी, डी या वर्षाच्या चार तिमाह्या. सी २८ म्हणजे २०२८ च्या जुलै ते सप्टेंबरात त्याची पुन्हा तपासणी व्हायची आहे. मुदत उलटलेले सिलिंडर घेऊ नये. सगळ्या स्वयंपाकघरात खरे बोलणारे हे एकच लेबल, आणि ते कुणी वाचत नाही.

पायरी पाचवी: भिंत. जमिनीवर जागा नसली तरी भिंतीवर असते. सिंकच्या वर ताटाळे लावावे: ताटे तिथेच निथळतात आणि तिथेच राहतात. झारा, उलथने, सांडशी, किसणी यांना ओळीने हूक ठोकावेत. फरशीवर चिकटणारे रबरी हूक घेऊ नयेत. ते रात्री दोन वाजता कढईसकट खाली येतात.

खर्चाचा हिशेब. चौकोनी डबे चार, हूक बारा, जाळीची टोपली एक. पुण्यात असाल तर तुळशीबागेत भाव करावा, नाहीतर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारावी. दुकानदाराने डब्यांवर एखादा वाडगा फुकट दिला तर पायरी दुसरी पुन्हा वाचावी.

परीक्षा. आवरणे संपले की रोज रांधणाऱ्या व्यक्तीने हॉलमध्ये खुर्चीवर बसावे. उमेदवाराने, म्हणजे दारातून डोकावणाऱ्या अर्ध्या माणसाने, आत जाऊन चार माणसांचा चहा आणि पोहे करावेत. ‘कुठंय?’ हा शब्द उच्चारल्यास नापास. हिंग, साखर, गाळणी आणि पोहे भिजवायची चाळणी न विचारता सापडली, तर स्वयंपाकघर आवरले असे समजावे. उत्तीर्ण उमेदवाराने पुढच्या रविवारचा स्वयंपाक करावा, असा नियम आहे. या परीक्षेत डोळ्यांसमोरची चाळणी न दिसणाऱ्यांची संख्या इतकी मोठी का, याचा खुलासा या नियमातच आहे. त्यामुळे नापास उमेदवारांनाही पुढच्या रविवारी तेच काम द्यावे.