जुनी तबकडी, नवं मशीन

बंद केलेले जुने नमुने महागड्या घड्याळांच्या कंपन्यांनी पुन्हा काढावेत का, याची काळजी स्वित्झर्लंडने आमच्यावर सोडलेली नाही. तरी बुलढाणा जिल्ह्याच्या वतीने चार शब्द सांगणं भाग आहे, कारण त्रास इथपर्यंत पोचला आहे.

'फेवर लुबा'चंच घ्या. १७३७ची स्विस कंपनी. तिचं चावीचं 'सी किंग' आपल्याकडे इतकं चाललं, की समुद्र कधी न पाहिलेली माणसंही मनगटावर सागराचा राजा बांधून बाजाराला जात. पुढे सेलची घड्याळं आली आणि राजा कपाटात गेला. २०११ मध्ये टायटनने ती कंपनी विकत घेतली, २०२३ मध्ये ती दुसऱ्या भारतीय मालकाकडे गेली आणि २०२४ मध्ये जिनिव्हात नव्याने अवतरली. म्हणजे आपल्याच लोकांनी आपल्याच काकांचं घड्याळ परदेशातून फिरवून आणून आपल्यालाच विकायचं, तेही लाखांत. याबद्दल तक्रार नाही. कापसाचंही असंच होतं.

तक्रार आहे ती मापाची. याच कंपनीने १९६२ मध्ये 'बिव्हॅक' नावाचं घड्याळ काढलं होतं. ते समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवायचं, ३,००० मीटरपर्यंत. आमचा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा विभागलेला. सोयरीक जुळवताना, शेताचा भाव सांगताना, थंडीला नावं ठेवताना माणूस नेमका कुठला हे आधी लागतं. राजूर घाट उतरताना मनगटाकडे पाहून तेवढा खुलासा झाला असता. पण २०१७ मध्ये 'बिव्हॅक' परत आलं ते ९,००० मीटरचं होऊन. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर आहे. शिखरावर उभं राहून वर आणखी दीडशे मीटर उडी मारणाऱ्या गिऱ्हाइकाचा विचार झाला. मलकापूरला लग्नाला निघालेल्याचा झाला नाही.

आपल्या एचएमटीला हा मोठेपणा जमला नाही. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनला हाताशी धरून बंगळुरात घड्याळं सुरू केली, 'जनता' नावाचं घड्याळ खरोखर जनतेला परवडेल अशा भावात विकलं, आणि २०१६ मध्ये घड्याळाची कंपनी बंद करायचा निर्णय सरकारने घेतला. तेव्हापासून जुन्या 'जनता'ला मागणी आली. ज्यांनी ते पोराला खेळायला दिलं होतं, ते आता पलंगाखाली शोधतात. बाजारात जुनी म्हणून मिळतात त्यांतल्या कित्येकांच्या तबकड्या नव्याने रंगवलेल्या असतात, कारखान्याने कधीच न काढलेल्या जांभळ्या-नारिंगी रंगांत. हेही पुनरुज्जीवनच, फक्त याला जाहिरात नाही.

माझी मागणी त्यामानाने किरकोळ आहे. घड्याळ काढू नका. ज्या कांडीने चावी देतात ती काढा. नव्या नमुन्याच्या समारंभाला जेवढी फुलं लागतात, तेवढ्या खर्चात अख्ख्या वऱ्हाडाला पुरतील इतक्या कांड्या निघतील.

पण कांडीचा समारंभ होत नाही. म्हणून वडिलांचं चावीचं घड्याळ घेऊन खामगावात एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने डोळ्याचं भिंग न काढताच निदान केलं.

"याची कांडी आता कुठी भेटते भाऊ? मशीन काहाडून सेलचं टाकून देतो. वरून कोनालेच समजत नाही."

वरून जुनं, आतून नवं, आणि कोणालाच न समजणारं. जिनिव्हात यासाठी परंपरेवर भाषण करावं लागतं. इथे एका थाळीच्या जेवणाइतके पैसे पडतात आणि काम चहा येईस्तोवर होतं. मी नाही म्हणण्याआधी मशीन बाहेर आलंही होतं. निदान ते तरी घरी न्यावं म्हणून हात पुढे केला.

"ते राहू द्या," तो डबीचं झाकण लावत म्हणाला. "असली कांडी आजकाल भेटत नाही. दुसऱ्याच्या कामी येते."