डबा कोण फोडणार?

निवडणूक लागली की पुढारी न बोलावता दारात येतो आणि पेंटर बोलावूनही येत नाही, कारण तो पुढाऱ्याची भिंत रंगवत असतो. निवडणूक नसेल तेव्हा घट बसायचे असतात, घट उठले की दिवाळी, दिवाळी सरली की लग्नं, त्यातून उरला तर पाडवा. माजलगावात या फटींतून पेंटर गाठायचा म्हणजे नशीब लागतं. फोन केला की पलीकडून घासपेपरची खरखर आणि एकच वाक्य ऐकू येतं, "सर, दुसऱ्या साईटवर घासाई करायलो. उद्या सकाळी आलोच." ती सकाळ कोणत्या महिन्यातली, हे विचारायचं नसतं.

आजीच्या काळात ही अडचण नव्हती. घटस्थापनेआधी ती दसरा काढायची, म्हणजे गोधड्यांपासून उतरंडीपर्यंत घरातली प्रत्येक वस्तू धुवायची, आणि त्याच झपाट्यात भिंतीही पोतारायची. कधी पांढरी माती, कधी पिंपात भिजवलेला चुना, त्यात चिमूटभर नीळ, मूठभर मीठ, थोडा डिंक. कुंचला केकताडाचा. रंग निवडायचा प्रश्न नव्हता, कारण रंग एकच होता. कारागीरही निवडायचा नव्हता, समोर दिसेल तो नातू कामाला लागायचा. भिंतीला पाठ टेकली की सदरा पांढरा व्हायचा, पण त्याची तक्रार आजीकडे करायची कुणाची छाती होती?

आता कारागीर निवडावा लागतो. पहिला आला तो मोबाईलवर भिंतीचा फोटो काढून तिला तिथल्या तिथे रंग लावून दाखवणारा. त्याच्याकडे साधा पिवळा नव्हताच. ‘हळदुली सकाळ’ होती, ‘केतकी आठवण’ होती. बायको त्या आठवणींत रमली. परळीचे साडू तेव्हा घरी होते. थर्मलची राख पुसण्यात उमर गेलेला माणूस. ते म्हणाले, "राखाडीच द्या. पुढं काही बसलं तरी दिसायचं नाही." मी पेंटरला विचारलं, "ह्या कोपऱ्यात ओल कशानं येते?" तो म्हणाला, "फोटोत येत नाही, सर."

दुसरा खरा कलावंत. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावं, शाळेच्या भिंतीवरचा भारताचा नकाशा, सगळं त्याच्या हातचं. फ्लेक्सने पाट्या गिळल्या आणि तो घरांकडे वळला. पट्टी न लावता ओढलेली त्याची रेघ केसभर हलत नसे. पण कोरी भिंत बघून त्याचा जीव कासावीस व्हायला लागला. हॉलमध्ये धबधबा, खाली दोन हंस आणि उजव्या कोपऱ्यात त्याची सही नि मोबाईल नंबर, असा बेत त्याने सांगितला. मी म्हटलं, "नुसता एक रंग द्यायचाय." त्याने माझ्या बायकोकडे सहानुभूतीने पाहिलं.

मग येतो हिशेब. घर ६०० फुटांचं आणि बिल २,१०० फुटांचं कसं, असा प्रश्न पहिल्यांदा घर रंगवणाऱ्याला हमखास पडतो. ठोकताळा असा की भिंती आणि छत मिळून जमिनीच्या साधारण साडेतीनपट भरतात. म्हणजे २१ ब्रास. खरं भांडण त्यापुढे, दारं-खिडक्या वजा करायच्या की नाहीत यावर. मालक म्हणतो, खिडकीच्या भोकाला रंग लावलाच नाही. पेंटर म्हणतो, कडा सांभाळण्यातच अर्धा दिवस जातो. दोघंही खरं बोलतात, म्हणून ते भांडण मिटत नाही.

हिशेब पटला की उचल. आमच्या जिल्ह्यात उचलीशिवाय पान हलत नाही. कोयता घेऊन कारखान्यावर जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं आणि ती फेडता फेडता त्यांची पाठ मोडते. पेंटरच्या उचलीचा न्याय उलटा आहे. पैसे तो घेतो आणि घाम मालकाला फुटतो.

डब्याची गोष्ट आणखी वेगळी. माल तुम्हीच आणा, मला मजुरी तेवढी द्या, असं म्हणणारा पेंटरही एक अट घालतो, डबा मीच फोडणार. त्यात कामावरची निष्ठा असतेच, पण पुष्कळदा डब्यात कंपनीने पेंटरसाठी ठेवलेलं टोकनही असतं आणि त्याचे पैसे त्याला मिळतात. अमुकच कंपनीचा रंग टिकतो, असं तो छातीवर हात ठेवून सांगतो, तेव्हा त्या छातीवरच्या खिशाकडेही बघावं. या धंद्यात थोडी गळती धरूनच चालायचं असतं. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढलेल्या गट्टूच्या ब्रशातूनही रंग गळतच होता.

तिसरा पेंटर कॅटलॉगविना आला. आल्या आल्या खिशातल्या किल्लीने भिंत ठोकायला लागला. एका जागी आवाज बदलला. "पोकळ हाय," तो म्हणाला. मग पत्र्याने कोपरा खरवडला. वरचा पिस्ता गेला, खाली आत्याच्या लग्नातला गुलाबी डिस्टेंपर निघाला, त्याखाली निळसर चुना. त्यावर बोट फिरवून ते पांढरं बोट त्याने मला दाखवलं. "ह्याच्यावर पुट्टी धरत नाही. आधी हे समदं काढावं लागंल." नंतर खिडकीजवळच्या भेगेपाशी थांबून म्हणाला, "ही उन्हाळ्यात रुंदावती का?"

मी चमकलो. आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरची घरंही तिच्यासोबत हलतात. इथं राहणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं, पण रंगवायला आलेल्या कुणी ते विचारलं नव्हतं. "आन् ह्या ओलीच्या मागं काय हाय?" मागे न्हाणी होती. "मग आधी नळवाला बोलवा. मला नंतर."

हातात आलेलं काम नळवाल्याकडे वळवणारा माणूस! निवड तिथेच झाली. रंगाचं नाव न काढता जो भिंतीची विचारपूस करतो, तो पेंटर धरावा. खरी मेहनत खरवडणं, भेगा भरणं, पुट्टीचे दोन हात आणि घासाई यांत जाते आणि ती कुणाला दिसत नाही. दिसतो तो रंग, आणि तो तर आजीने नातवांकडूनही लावून घेतला होता.

उचल त्यानेही घेतली. डबाही त्यानेच फोडला. त्याचा हात खिशाकडे गेला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो.

आता गल्लीतले लोक येतात, भिंतीवरून तळवा फिरवतात आणि म्हणतात, "नंबर द्या की, सर." घट तोंडावर आलेत. मी सांगतो, मोबाईल बदलला, सगळे नंबर गेले. स्वयंपाकघर अजून व्हायचंय.