माल काय भरणार?

बँकेत होतो तेव्हा माझ्या सहीशिवाय शाखेत झाडूसुद्धा येत नसे. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, सर्वांत कमी दर, शेरा, सही. याच पद्धतीने मी एका शाखेसाठी पडदे घेतले होते. ते खिडक्यांपेक्षा वीतभर आखूड निघाले, पण ऑडिटरला त्या फायलीत आक्षेप घेण्याजोगं काही सापडलं नाही. त्यामुळे बायकोच्या दाण्याच्या चटणीचा आणि पातळ पोह्यांच्या चिवड्याचा व्याप वाढू लागला, आणि "आता बाहेरगावी पाठवायचं तर बऱ्या पिशव्या बघायला हव्यात," असं ती ओट्याशी उभी राहून स्वतःशीच पुटपुटली, तेव्हा खरेदी विभाग मी आपणहून ताब्यात घेतला. तिने मला नेमलं असं म्हणता येणार नाही. तिने विरोध नोंदवला नाही, इतकंच.

तोवर तिचं पॅकिंग म्हणजे साधी पारदर्शक पिशवी आणि मेणबत्तीवर धरून चिकटवलेलं तोंड. त्या शिवणीत कुठे ना कुठे फट राहायची आणि पावसाळ्यात चिवडा दोन दिवसांत सादळायचा. चटणीला काही आठवड्यांनी खवट वास यायचा. गिऱ्हाइकं ओळखीची, त्यामुळे तक्रार न करता "यंदा दाणे वेगळे होते का हो?" असं विचारायची. पुण्यात ही तक्रारच.

सुरुवात बोहरी आळीपासून केली. रविवार पेठेत पॅकिंगचं साहित्य शोधणाऱ्या माणसाला दुसरीकडे जायची गरज नसते आणि तिथून बाहेर पडायची वाटही सापडत नसते. एका दुकानात उभ्या राहणाऱ्या झिपच्या पिशव्यांच्या माळाच लटकत होत्या: चंदेरी, खाकी, खिडकीवाल्या, बिनखिडकीच्या. मला खाकी कागदाची, मधोमध खिडकी असलेली पिशवी एकदम आवडली. पर्यावरणाला धरून, साधी, खादीसारखी. तसं दुकानदाराला म्हणालो, तर त्याने पिशवी उलटी करून माझं बोट आत घातलं. "काका, आतून प्लॅस्टिकच असतं. नुसता कागद असेल तर तेल पाच मिनिटांत बाहेर." मग विचारलं, "भरणार काय?" मी म्हटलं, "ते नंतर. आधी लेटरहेडवर दर द्या." त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर शेकड्याचा भाव लिहून दिला. पुठ्ठ्याला पंच करून फाइलला लावता येईना, म्हणून हे कोटेशन तांत्रिक निकषावर बाद झालं.

दुसरा भोसरीच्या एमआयडीसीतला कारखानदार. स्वतः लॅमिनेशन करणारा, वयाने चाळिशीचा, बोलायला फार. मी बसतो न बसतो तोच सुरू: "माल काय भरणार? तेल किती सुटतं? किती दिवस टिकायला हवा? हाताने भरणार की मशीनवर?" कर्ज मागायला आलेल्याने मॅनेजरची उलटतपासणी घ्यावी, तसं मला वाटलं. मी अर्जातल्या रकान्यात लिहावं तसं उत्तर दिलं, "खाद्यपदार्थ."

"खाद्यपदार्थ तर श्रीखंडही आहे, काका."

मग त्याने समजावून सांगितलं. साध्या पिशवीतून ओल फारशी आत येत नाही, पण प्राणवायू आरामात येतो. दाण्याच्या तेलाला प्राणवायू आणि उजेड मिळाला की ते खवट होतं, म्हणून चटणीला खिडकी नकोच. बाहेर पॉलिएस्टर, मध्ये धातूचा मुलामा दिलेला थर, आत चिकटणारा थर, असं तीन पदरी घ्या. चिवड्याला तेवढं नको, पण पिशवी मोठी लागेल. शेवटी म्हणाला, "दोन्ही माल थोडा थोडा आणून द्या. आम्ही भरून बघतो, मग साइझ सांगतो."

इथे माझ्यातला दक्षता अधिकारी जागा झाला. ऑर्डर मिळायच्या आधीच हा माणूस चटणी मागतो? घरी येऊन मी फायलीत स्वच्छ अक्षरात टिपण लिहिलं: 'पुरवठादाराने वस्तुरूपाने अपेक्षा व्यक्त केली.' सावधगिरीचा उपाय म्हणून मी त्याला चटणीही दिली नाही आणि फोनही केला नाही.

तिसरा एजंट. त्याचं ऑफिस म्हणजे मोटरसायकल आणि मोबाइल, पण लेटरहेड दोन रंगांत छापलेलं. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. चटणी? "चालतं साहेब." चिवडा? "चालतं साहेब." दोन्हींना एकच पिशवी? "कधीही चालतं साहेब." इतका सहकार्याचा सूर मी बँकेत फक्त हप्ते थकलेल्यांकडून ऐकला होता.

तुलनात्मक तक्ता करताना थोडी अडचण आली. आळीतल्याचा भाव शेकड्यावर, भोसरीवाल्याचा किलोवर, एजंटाचाही किलोवर, पण जीएसटी आणि भाडं वेगळं. मी सगळ्यांचे दर चौरस इंचावर आणले. त्यासाठी एक अख्खी दुपार, एक फूटपट्टी आणि बायकोचा पोहे मोजायचा डिजिटल काटा लागला. भोसरीवाल्याची जाड तीन पदरी पिशवी आणि एजंटाची दोन पदरी एकाच रांगेत बसल्या, कारण तक्त्यात जाडीचा रकाना नव्हता. एजंट सर्वांत स्वस्त निघाला. तोच निघणार होता.

मग छपाई. आमचा भाचा डिझाइन शिकतो. त्याने शेंगदाण्याला तपकिरीच्या तीन छटा दिल्या, मिरचीला लाल, कढीपत्त्याला हिरवा आणि अक्षरांना सोनेरी. ग्रॅव्ह्यूर छपाईत प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा कोरावा लागतो आणि प्रत्येक सिलिंडरचे पैसे वेगळे, तेही हजारांत, हे एजंटाने सांगितलं तेव्हा मी भाच्याची मिरची, कढीपत्ता आणि सोनं एका बैठकीत नामंजूर केलं. दोन पदार्थांची दोन डिझाइनं म्हणजे सिलिंडरही दुप्पट, म्हणून दोघांना मिळून एकच पिशवी ठरवली. त्यावर दोन्ही नावं छापायची आणि खाली ओळ: 'लागू नसेल ते खोडावे.' बायको म्हणाली, "अहो, हा काय पासपोर्टचा फॉर्म आहे?" मी तिला सिलिंडरचा हिशोब दाखवला. परवान्याचा चौदा आकडी नंबर, शाकाहाराचा हिरवा ठिपका, निव्वळ वजन २०० ग्रॅम, हे सगळं नियमाप्रमाणे छापायला दिलं. घटकपदार्थ आणि किंमत चिकटवायला मागे कोरी चौकट ठेवली. कायद्याला मी कुठेही धक्का लावला नाही, हे आवर्जून सांगतो.

मापाचा नमुना एजंटाने कोरा दिला होता: पाच बाय आठ इंच. भरून बघणं मलाही कळत होतं. पण चटणी त्या दिवशी झालेली नव्हती, चिवड्याची ऑर्डर मोजून बांधलेली, म्हणून डब्यातले तांदूळ २०० ग्रॅम मोजून घातले. सुरेख बसले. वर झिपला दोन बोटं जागा. २०० ग्रॅम म्हणजे २०० ग्रॅम. मी नमुन्यावर 'मंजूर' लिहून सही केली.

त्याच आठवड्यात कुरिअरवाल्याकडे दर विचारायला गेलो होतो. त्याने चिवड्याच्या खोक्याची लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये मोजली, ३० गुणिले २० गुणिले २०, त्याला ५००० ने भागलं आणि म्हणाला, "दोन किलो चारशेचे पैसे होतील." खोकं काट्यावर ठेवलं तर धड किलोभरही भरेना. मी त्याला सुनावलं की वजन हे वजन असतं, जागेचं कुठे वजन असतं का? तो म्हणाला, "काका, चिवडा जागाच खातो ना." या उत्तराचा उद्धटपणा मी लेखी कळवला. त्यातली माहिती मात्र फायलीला लावायची राहिली.

किमान ऑर्डर १०० किलो होती. हा आकडा मला माफक वाटला, कारण बायको दाणेही किलोंनीच आणते. एक पिशवी सहा ग्रॅमची आहे हे माझ्याच तक्त्यात होतं. भागाकार तेवढा केला नव्हता. टेम्पो आला तो १०९ किलो घेऊन. छपाईच्या धंद्यात दहा टक्के कमीजास्त चालतं आणि बिल आलेल्या मालाचं होतं, हे लेटरहेडच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं. मी आयुष्यभर लोकांकडून बारीक अक्षरांवर सह्या घेतल्या होत्या. पिशव्या भरल्या अठरा हजारांच्या आसपास. महिन्याला शे-दीडशे पुडे विकणाऱ्या घरात त्या दिवाणाखाली, माळ्यावर आणि मी जिथे पाय ठेवून पेपर वाचतो तिथे लागल्या.

दुसऱ्या दिवशी भरायला बसलो. २०० ग्रॅम चटणी तांदळापेक्षा फुगीर. ती थेट गळ्याशी आली. भुकटी झिपच्या खाचेत गेली, वरच्या पट्टीला तेलाचा हात लागला, आणि सीलरचा चिमटा कितीही दाबला तरी तोंड चिकटेना. चिकटणाऱ्या जागी तेल किंवा भुकटी असली की शिवण धरत नाही. भोसरीवाल्याने 'हाताने भरणार का' असं का विचारलं होतं ते तेव्हा लक्षात आलं, पण ते टिपण मी दुसऱ्या शीर्षकाखाली लिहिलेलं होतं.

चिवड्याचा प्रसंग लवकर आटोपला. चाळीस ग्रॅमनंतर पिशवी भरली. बायकोने पिशवी आपटली, हलवली, पोहे दाबले. पंचेचाळीस. आणखी दाबलं तेव्हा चिवड्याचा चुरा झाला आणि पन्नास मावले. पिशवीवर सुबक अक्षरात निव्वळ वजन २०० ग्रॅम. त्याखाली 'लागू नसेल ते खोडावे' ही ओळ होती, पण ती वजनाला लागू नव्हती.

एजंटाला फोन केला. त्याने नेहमीच्या सुरात विचारलं, "साहेब, त्यात काय भरताय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग तर मोठी घ्यायला हवी होती साहेब."

पिशव्या वाया गेल्या असं नातेवाइकांत बोललं जातं, ते खरं नाही. स्क्रू, बटणं, सुट्टे पैसे, शिवणाचे दोरे, लाइटची बिलं यांना त्या उत्तम आहेत. माझ्या मेहुण्याच्या गोळ्या त्यातच असतात आणि त्यावर 'चिवडा' न चुकता खोडलेलं असतं. तांदूळ तर त्यात झकास राहतात. या खरेदीच्या प्रक्रियेत एकही पायरी गाळली गेलेली नाही, कोणाही ऑडिटरला फाइल दाखवायला मी तयार आहे. अजून कोणी मागितलेली नाही.

गेल्या महिन्यात बायकोने माझ्या फायलीतून भोसरीवाल्याचा नंबर शोधला. फोन स्पीकरवर होता, म्हणून ऐकू आलं. त्याने तेच विचारलं, "ताई, माल काय भरणार?" आणि ती सुरू झाली: दाणे किती भाजते, चटणी खलबत्त्यात कुटते की मिक्सरवर, तेल कधी सुटतं, चिवड्यात खोबरं कधी घालते. मधेच ती म्हणाली, "वाटीभर चटणी उद्याच पाठवते, खाऊन सांगा." मी खुणेने फायलीतलं टिपण दाखवलं. तिने पाहिलं नाही. कोऱ्या तयार पिशव्या, चटणीला छोटी, चिवड्याला मोठी, पाचशेपासून, वर स्टिकर, असं दोघांचं ठरत आलं होतं.

मी हळूच म्हटलं, "ऑर्डर देण्याआधी अजून दोन कोटेशनं मागवून ठेवू या."

तिने फोनवर हात ठेवला. "अहो, कुकरची शिट्टी झाली. तेवढा गॅस बंद करा."