आमचा देवच काळा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजपासून शिंद्यांच्या छावणीपर्यंत, कुठल्याही मराठी घराची कडी वाजवा. रंगावरून किंवा चेहऱ्यावरून भेद करणारं माणूस त्या घरात राहत नाही. तशी माणसं शेजारी राहतात. शेजारी चौकशी केलीत तर ती त्याच्या पुढच्या घरात. अशा हिशेबानं विचारत गेलं तर माणूस संध्याकाळपर्यंत आग्र्याला पोचेल.

आमच्या आत्याचंच घ्या. निवृत्त झाल्यापासून भाच्यासाठी स्थळं पाहणं हे तिचं पूर्णवेळ काम. फोनवर मुलीचा फोटो आला की ती चष्मा पुसते, खिडकीशी उजेडात जाते आणि बऱ्याच वेळानं सांगते, "बँकेत आहे, गाते छान, माणसंही चांगली. फक्त रंगानं जरा..." पुढचं वाक्य हात पुरं करतो, पंख्याचा रेग्युलेटर एक घर मागे फिरवावा तसा. परवा धाकटी भाची म्हणाली, "आत्या, याला वर्णभेद म्हणतात." आत्या खरोखर दुखावली. "काहीतरीच काय बोलतेस! अगं, आमचा देवच काळा!"

या विषयावर आपल्याकडे आरोपाच्या आधी साक्षीदार हजर असतो, आणि पहिला मान अर्थातच पंढरपूरच्या विठोबाचा. तो युगानुयुगं विटेवर उभा आहे, पण त्याचा फोटो कुणी खिडकीशी नेऊन पाहिल्याचं ऐकिवात नाही. देवाचा काळा रंग डोळे भरून पाहायचा असतो. सुनेचा मात्र नातवंडांत उतरतो, असं आत्याचं शास्त्र आहे.

बाजार या बाबतीत आत्यापेक्षा चपळ निघाला. 1975 साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'नं 2020 मध्ये नावातला गोरेपणा काढून 'ग्लो' घातला. त्याच वर्षी जूनमध्ये 'शादी डॉट कॉम'नं कातडीच्या छटेवरून स्थळं गाळायची सोय बंद केली. आत्याला त्याचा काही त्रास झाला नाही. तिची सोय खिडकीशी आहे.

जुन्या लोकांचा एक गुण मानला पाहिजे: त्यांना साक्षीदार लागत नसत. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि त्यानं मुघलांना दख्खनेत दमवलं. जहांगीर आपल्या आठवणींत त्याच्या काळ्या तोंडाचा उद्धार करतो. एवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून बादशहानं 1616 च्या सुमाराला एक चित्र करवून घेतलं: अंबरचं कापलेलं मुंडकं भाल्यावर, आणि जहांगीर त्यावर नेम धरून बाण सोडतोय. प्रत्यक्षात अंबर त्यानंतर दहा वर्षं जगला. पण चित्रावर खुलासा नाही. "माझे कितीतरी मित्र हबशी आहेत" असं जहांगीर कुठे म्हणत नाही.

आमच्या गल्लीत म्हणतात. म्हणजे हबशी नव्हे, मणिपुरी. 1857 च्या शताब्दीला, 1957 साली, राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं इथे शारीरिक शिक्षणाचं कॉलेज निघालं. ती संस्था आता अभिमत विद्यापीठ आहे आणि देशभरातली मुलं तिथे शिकायला येतात. त्यातलीच इंफाळची एक मुलगी समोरच्या काकूंकडे वरच्या खोलीत राहते. गल्लीत तिला सगळे 'नेपाळी' म्हणतात. कुणी हटकलं तर "प्रेमानं म्हणतो" हे उत्तर तयार. 'चिंकी'सुद्धा प्रेमानंच. हे प्रेम 2012 साली केंद्रीय गृहमंत्रालयाच्या कानावर गेलं, आणि ईशान्येकडच्या अनुसूचित जमातीच्या माणसाला असं हिणवलं तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असं त्यांनी राज्यांना कळवलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला मी हे सांगितलं. तो गांगरून म्हणाला, "मग म्हणायचं काय तिला?" म्हटलं, तिचं नाव. तर म्हणे नाव अवघड आहे. दिवसभर अमॉक्सिसिलिन आणि लेव्होसेटिरिझिन खडाखड म्हणणारा माणूस हा.

काकूंचं मात्र तिच्यावाचून अडतं. कुठे विषय निघाला की त्या जिन्याकडे बोट दाखवतात: "आम्ही तर तिला घरचीच समजतो. भरीतसुद्धा खिलवतो." बिचारी भाडंही देते आणि साक्षही. त्याच काकूंकडे भांडीवालीचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असतो. त्याचंही कारण आहे: तिला तो मोठा कप आवडतो.

2001 साली डर्बनला वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली, तेव्हा पंतप्रधानपदी आमच्या ग्वाल्हेरचेच अटलजी होते. जात म्हणजे वंश नव्हे, तेव्हा तिची चर्चा इथे नको, अशी भारताची भूमिका होती. शास्त्रार्थ म्हणून ती लढवता येईलही. त्या कपाला मात्र वंश आणि जात यांतला फरक कुणी समजावून सांगितलेला नाही.

मोठे साक्षीदार मोठी माणसं उभे करतात. मार्च 2017 मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. त्यावर बोलताना माजी खासदार तरुण विजय यांनी 'अल जझीरा'वर सवाल केला, की आम्ही वंशवादी असतो तर दक्षिण भारतीयांबरोबर कसे राहिलो असतो? नंतर त्यांनी माफी मागितली, पण तोवर अख्खी दक्षिण साक्षीला उभी राहून गेली होती. आमच्या घरी तेव्हा हसून पुरेवाट झाली. आत्याही हसली. मग काका सहज म्हणाले, "पण अक्का, इथले लोक आपल्यालाच दक्षिणी म्हणत आलेत." खोटं नव्हतं. 1810 च्या सुमाराला दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली, तिचंच पुढे लष्कर झालं, आणि नर्मदा ओलांडून आलेले म्हणून आपण दक्षिणी झालो. आत्याचं हसू थांबलं. "आपण ते दक्षिणी नव्हे! आपण वेगळे दक्षिणी!"

दिवाळीत पुण्याचा भाचा आला होता. आत्याच्या मराठीची तो नक्कल करतो. "मी तर असंच बोलले" हे तिचं वाक्य त्यानं त्यांच्या सोसायटीत लोकप्रिय केलंय. "गंमत करतो गं आत्या, प्रेमानं," असं म्हणतोही. ग्वाल्हेरचं मराठी हेही मराठीच आहे, गाण्याचं घराणं आमच्या गावाचं आणि त्यासाठी तुमचे गवई इथे शिकायला यायचे, असं बरंच ती त्याला सुनावत होती. तेवढ्यात वरची मुलगी फराळाचं ताट परत द्यायला आली.

"नेपाळी का गं ही?" भाच्यानं हळूच विचारलं.

"छे!" आत्या उसळली. "मणिपुरी आहे, चांगल्या घरची. नेपाळी तो आपला चौकीदार."

चौकीदार भिंडचा आहे.